बॅन्शीसाठी पोर्ट केलेला सिलिंडर कसा निवडायचा? टू-स्ट्रोक एटीव्हीच्या इंजिन अपग्रेडची सविस्तर माहिती

मागच्या महिन्यात फिनिक्सला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तीन फोटो, तीन किमती आणि एक ओळ: ‘दादा, यातला कुठला घेऊ?’ फोटोत सिलिंडरच्या तीन जोड्या होत्या. एकीखाली ‘ट्रेल पोर्ट’ लिहिलं होतं, दुसरीखाली ‘ड्यून पोर्ट’ आणि तिसरीखाली ‘ड्रॅग पोर्ट, फुल सेंड’. सगळ्यात महाग अर्थातच तिसरी, आणि त्याचं मन तिच्यावरच बसलेलं. गाडी कुठली? यामाहा बॅन्शी. जुनी, नुकतीच घेतलेली आणि अजून एकदाही नीट न चालवलेली.

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. कॉलेजात असताना माझ्या आरएक्स १०० वर मी हीच चूक केली होती आणि ती मला एका पिस्टनला आणि दोन महिन्यांच्या पायपिटीला पडली. मग बसून त्याला सगळं सविस्तर लिहून पाठवलं. तेच इथे थोडं नीट करून देतोय. बॅन्शी भारतात कुणाकडे असण्याची शक्यता कमीच, पण इन्स्टावर वाळूच्या डोंगरावर ओरडत चढणारी ती चारचाकी तुम्ही नक्की पाहिली असेल. आणि टू-स्ट्रोकचं गणित बॅन्शीला जे लागू आहे तेच आरएक्सला आणि राजदूत ३५० लाही लागू आहे.

आधी गाडीची ओळख

बॅन्शी, म्हणजे यामाहा वायएफझेड ३५०, अमेरिकेत १९८७ ते २००६ या मॉडेल वर्षांत विकली गेली. दोन सिलिंडर, पाण्याने थंड होणारं इंजिन, रीड व्हॉल्व्ह, सहा गिअर. बोअर ६४ मिमी आणि स्ट्रोक ५४ मिमी, म्हणजे एकूण ३४७ सीसी. हे आकडे ओळखीचे वाटले? आपल्याकडच्या राजदूत ३५० चा बोअर-स्ट्रोकही हाच. दोन्ही यामाहाच्या एकाच ३५० घराण्यातल्या, फक्त राजदूत हवेवर थंड होणारी.

नंतर अमेरिकेत प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक एटीव्ही बाजारातून गेल्या. त्यामुळे आज बॅन्शी घेणारा प्रत्येक जण जुनी गाडीच घेतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा अर्धा लेख त्याच्यावर उभा आहे. तुम्ही नव्या इंजिनावर अपग्रेड करत नसता. वीस-तीस वर्षांत चार-पाच जणांनी उघडलेल्या इंजिनावर करत असता.

पोर्टिंग म्हणजे नक्की काय?

टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे वर-खाली होणारे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात, त्या म्हणजे पोर्ट. पिस्टन खाली जाताना आधी एक्झॉस्टची खिडकी उघडते आणि जळलेला धूर बाहेर पडतो. आणखी खाली गेला की ट्रान्सफरच्या खिडक्या उघडतात आणि क्रॅंककेसमध्ये दाबून ठेवलेलं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण वर येतं. पिस्टन वर येताना याच खिडक्या उलट्या क्रमाने बंद होतात.

म्हणजे खिडकीची वरची कड किती उंचावर आहे, यावर ती कधी उघडणार आणि किती वेळ उघडी राहणार हे ठरतं. फिरत्या ग्राइंडरने ही कड वर सरकवायची, खिडकी रुंद करायची, आतल्या वाटेचा आकार सुधारायचा, याला पोर्टिंग म्हणतात. आणि एकदा कोरलेलं मटेरियल परत लावता येत नाही.

हे डिग्रीत मोजतात. क्रॅंकच्या एका फेऱ्याच्या ३६० डिग्रींपैकी किती डिग्री खिडकी उघडी, तो आकडा म्हणजे ड्युरेशन. बॅन्शीचा स्ट्रोक ५४ आणि कनेक्टिंग रॉड ११० मिमी धरून मी हिशेब केला. पिस्टन सगळ्यात वर असताना त्याच्या कडेपासून एक्झॉस्टची वरची कड २८ मिमी खाली असेल, तर ड्युरेशन येतं १९०. कड १ मिमी वर नेली, म्हणजे २७ मिमीवर आणली, की १९४. आणि २५.६ मिमीवर आणली की २००. लक्षात येतंय का, ‘ट्रेल’ आणि ‘ड्रॅग’ यांच्यातला फरक जेमतेम अडीच मिमीचा आहे! दोन-तीन एटीएम कार्डं एकावर एक ठेवलीत तर तेवढी जाडी होईल. म्हणून फोटो बघून कुठला सिलिंडर कसला आहे हे कुणालाही सांगता येत नाही. मलाही नाही.

पॉवर वाढते की सरकते?

माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. ९००० आरपीएमला क्रॅंकचा एक फेरा ६.७ मिलिसेकंदांत होतो. १९४ डिग्रीचा एक्झॉस्ट त्यातले ३.६ मिलिसेकंद उघडा असतो. एवढ्या वेळात सगळा धूर बाहेर जायला हवा. वेळ पुरत नाही म्हणून वरच्या आरपीएमला इंजिन दमतं. खिडकी मोठी केली की तिथे श्वास मोकळा होतो आणि पॉवर वाढते.

पण तेच इंजिन ३००० आरपीएमला चालताना एक्झॉस्ट जवळजवळ ११ मिलिसेकंद उघडा असतो. म्हणजे आता वेळ गरजेपेक्षा जास्त आहे. आलेलं ताजं मिश्रण तसंच बाहेर निघून जातं, आणि पिस्टन वर येताना खिडकी उशिरा बंद होत असल्यामुळे दाबायला आत उरतं कमी. थोडक्यात, वर मिळालेल्या पॉवरची किंमत खाली मोजावी लागते. बऱ्याच जाहिरातींत फक्त वरचा आकडा असतो, खालचा नसतो.

बाहेर पळालेलं मिश्रण परत आत ढकलायचं काम करतो एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे मध्ये फुगलेला आणि शेवटी निमुळता होणारा पाइप. धुराची दाबलहर त्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि खिडकी बंद होण्याच्या बरोबर आधी मिश्रणाला आत रेटते. हे तंत्र पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन या इंजिनिअरने रेसिंगसाठी पक्कं केलं. १९६१ साली एमझेडचा रेसर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधून पळून पश्चिमेकडे गेला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि हे ज्ञान जपानला पोचलं. आज कोल्हापुरात एखाद्या आरएक्सला लावलेला चेंबर बघितला की मला ती पळापळ आठवते. असो.

मुद्दा असा की ती लहर ठरावीक वेळेतच परत येते. म्हणून प्रत्येक पाइपचा स्वतःचा आरपीएमचा पट्टा असतो. सिलिंडर ९५०० ला खुलणारा आणि पाइप ७५०० चा, अशी जोडी लावली तर दोघंही एकमेकांना नडतात. सिलिंडर एकटा निवडताच येत नाही. पाइपसोबतच निवडावा लागतो.

ब्लोडाउन आणि कॉम्प्रेशन: जाहिरातीत नसलेले दोन आकडे

एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंतच्या अंतराला ब्लोडाउन म्हणतात. या काळात आतला दाब उतरायला हवा, नाहीतर धूर उलटा ट्रान्सफरमध्येच घुसतो. काढायचं सोपं आहे: एक्झॉस्टच्या ड्युरेशनमधून ट्रान्सफरचं वजा करा आणि निम्मं करा. एक्झॉस्ट १९० आणि ट्रान्सफर १२० असेल तर ब्लोडाउन ३५ डिग्री. विक्रेत्याने फक्त ‘एक्झॉस्ट २००’ सांगितलं आणि ट्रान्सफरचा आकडा त्याला माहीतच नसेल, तर मी तिथेच थांबेन.

दुसरा आकडा कॉम्प्रेशनचा. टू-स्ट्रोकमध्ये खरं कॉम्प्रेशन एक्झॉस्ट बंद झाल्यानंतरच सुरू होतं. कड २८ मिमीवर असताना बॅन्शीच्या एका सिलिंडरात सुमारे ९० सीसी दाबायला मिळतात. कड २५.६ वर नेली की ८२. डोक्यातली मोकळी जागा १५ सीसी आहे असं समजा, तर कॉम्प्रेशन ७ वरून ६.५ वर उतरतं. म्हणजे पोर्टिंग करून हेड तसंच ठेवलं तर गाडी खालून आणखीच मऊ होते. जुनं कॉम्प्रेशन परत हवं असेल तर ती जागा १३.७ सीसीपर्यंत आणावी लागेल. म्हणूनच बॅन्शीवाले डोम बदलता येणारं हेड वापरतात. छोटा डोम घातला की कॉम्प्रेशन वाढतं.

पण कॉम्प्रेशन वाढलं की पेट्रोलही तसं लागतं. अमेरिकेतल्या पंपावरचा ९१ आकडा आणि आपल्याकडचा ९१ एक नाही. त्यांची मोजायची पद्धत वेगळी आहे, त्यांचा ९१ म्हणजे आपल्या ९५ च्या आसपास. मावसभावाला मी विचारलं, ‘तुला दर वेळी कॅनमधलं रेस फ्युएल विकत घ्यायचंय का?’ तो म्हणाला, ‘नाही रे दादा, पंपावरचंच घालणार.’ झालं, डोम कुठला हा निर्णय तिथेच लागला. सर्वात लहान डोम बाद.

मग निवडायचं कसं?

‘किती पॉवर हवी’ हा प्रश्न सोडा. ‘कुठे चालवणार’ हा विचारा. ढोबळमानाने सांगायचं तर बॅन्शीवर एक्झॉस्टचं ड्युरेशन १९० च्या आसपास असेल तर ती ट्रेलची, जंगलातल्या वळणावळणाच्या रस्त्याची गाडी राहते. १९५ ते १९८ म्हणजे वाळूच्या टेकड्या. २०० आणि पुढे म्हणजे सरळ रेषेत जीव तोडून पळायचं, मग परत जागेवर यायचं.

मावसभाऊ जाणार होता ग्लॅमिसला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल सॅंड ड्यून्सला. वाळू इंजिनाला सतत मागे ओढते. चढ चढताना गिअर टाकला आणि आरपीएम पॉवरच्या पट्ट्याखाली पडले की गाडी तिथेच बसते, चाकं रुततात. ड्रॅगवाल्याला हा त्रास नसतो. तो सुटतानाच वर असतो आणि वरच राहतो, क्लच आणि गिअरिंगही त्याच हिशेबाचं असतं. नवशिक्याला मात्र टेकडीच्या मध्यावर अरुंद पट्टा सांभाळणं जमत नाही. आणि चढावर गाडी बसली तर ती मागे लोळू शकते, तेही आपल्या अंगावर. म्हणून मी त्याला ड्रॅग पोर्ट नको म्हणालो, पैसे वाचावेत म्हणून नाही.

आता माझ्या आरएक्सबद्दल. ५० बाय ५० चं छोटं इंजिन, कंपनीने दिलेली ११ बीएचपी ७५०० आरपीएमला. मी एका गॅरेजात गेलो, मिस्त्रीला म्हटलं, ‘रेसिंग पोर्ट मारा.’ त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही की मी रोज कात्रजचा घाट चढतो. दोन दिवसांनी गाडी मिळाली. मोकळ्या रस्त्यावर वर गेली की काय ओरडायची! पण पाच हजारांच्या खाली दम शून्य. घाटात ट्रकच्या मागे अडकलो की पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबत दाबत चढायचो. त्यात जेट कंपनीचाच ठेवलेला. पंधराव्या दिवशी उतारावर थ्रॉटल सोडलं आणि मागचं चाक अडकलं. पिस्टन जाम. पडलो नाही हे नशीब. मिस्त्रीची एकट्याची चूक नव्हती ती. काय कोरायचं हे सांगायचं काम माझं होतं.

जुना सिलिंडर घेताना

तिन्ही जोड्या सेकंडहॅंड होत्या. अशा वेळी पोर्टच्या आधी बोअर बघायचा. बॅन्शीच्या मूळ सिलिंडरमध्ये बिडाचा स्लीव्ह असतो. तो झिजला की पाव पाव मिमीने बोअर वाढवून मोठा पिस्टन बसवतात: ६४.२५, ६४.५० असं पुढे. म्हणून आधी विचारा, सध्या कुठल्या मापावर आहे? आधीच बराच मोठा केलेला असेल तर त्यात आयुष्य कमी उरलंय. काही आफ्टरमार्केट सिलिंडरांत स्लीव्हऐवजी निकेलचा लेप असतो. तो टिकाऊ असतो, पण ओरखडा खोल गेला तर लेथवर नेऊन भागत नाही, पुन्हा लेप द्यावा लागतो.

मग एक्झॉस्टच्या खिडकीची रुंदी. मध्ये खांब नसेल तर रुंदी बोअरच्या ६५ ते ७० टक्क्यांच्या वर नको, हा सर्वसाधारण नियम. ६४ मिमीला ७० टक्के म्हणजे ४४.८ मिमी. त्याहून रुंद असेल तर रिंग त्या खिडकीत फुगते, कडेला अडकते आणि तुटते. खिडकीच्या कडा बोट फिरवून बघा, त्या गोलसर घासलेल्या हव्यात. पोर्टिंग करून कडा तशाच धारदार सोडलेला सिलिंडर पहिल्याच फेरीत रिंग खातो. समोर जाऊन बघता येत नसेल तर विक्रेत्याकडून व्हर्निअर लावलेला फोटो मागा. खरा माणूस पाठवतो.

आणि डिग्रीचे आकडे मागा, दोन्ही सिलिंडरांचे. डाव्यात १९६ आणि उजव्यात १९३ असेल तर ते हाताने अंदाजे केलेलं काम आहे.

नावाजलेल्या ट्यूनरकडे स्वतःचे सिलिंडर पाठवून पोर्ट करून घेणं मला जास्त पटतं. तो तुम्हाला फॉर्म देतो: पाइप कुठला, कार्ब्युरेटर किती मिमीचे, पेट्रोल कुठलं, उंची किती, वजन किती. जो ट्यूनर काहीच विचारत नाही त्याच्याबद्दल मी वर लिहिलंच आहे.

स्ट्रोकर आणि मोठा बोअर

हे थोडं पुढचं प्रकरण, पण इथे एक मजेशीर सापळा आहे. ‘४ मिल’ क्रॅंक म्हणजे स्ट्रोक ५४ वरून ५८. मूळ बोअरवर ३७३ सीसी होतात. ६८ मिमी बोअरचे सिलिंडरही लावले की ४२१, आणि बॅन्शीवाल्यांच्या बोलण्यात हा आकडा सारखा ऐकू येतो.

स्ट्रोक ४ मिमीने वाढला की पिस्टन वर २ मिमी जास्त जातो आणि खाली २ मिमी. वर हेडला आपटू नये म्हणून दोन उपाय. एक, सिलिंडरखाली २ मिमीची प्लेट घालून तो उचलायचा. दोन, सिलिंडर तसाच ठेवून हेडचा डोम तेवढा कापायचा. ऐकायला दोन्ही सारखे. मी हिशेब करून बघितला, ११० चाच रॉड धरून. मूळ सिलिंडर १९०/१२० चा असेल तर प्लेट घातल्यावर तो ग्राइंडर न लावताच १९९/१३७ चा होतो, आणि ब्लोडाउन ३५ वरून ३१ वर येतं. डोम कापला तर १९१/१२७. म्हणजे आधीच ड्रॅगसाठी कोरलेला सिलिंडर घेतलात, त्याखाली प्लेट आणि स्ट्रोकर क्रॅंक बसवलात, तर काय होईल याची कल्पना करा. कुठला सिलिंडर कुठल्या स्ट्रोकसाठी कोरलाय हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ११५ चा लांब रॉड असेल तर पिस्टनही वेगळे लागतात.

पहिल्या वर्षी स्ट्रोकरच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

आधी काय, मग काय

माझ्या मते पहिला खर्च सिलिंडरवर करूच नये. पहिला खर्च तपासणीवर. थ्रॉटल पूर्ण उघडून दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजा. दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजिन उघडायची वेळ झालीच आहे. त्यानंतर लीक टेस्ट: इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत ६ पीएसआय हवा भरायची आणि सहा मिनिटं बघायचं. दाब मिनिटाला १ पीएसआयपेक्षा वेगाने पडत असेल तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. क्रॅंकचे ऑइल सील आणि कार्ब्युरेटरचे रबर हे नेहमीचे गुन्हेगार. तिथून आत येणारी फुकटची हवा मिश्रण पातळ करते, पातळ मिश्रण गरम जळतं आणि गरम पिस्टन जाम होतो. गळक्या इंजिनावर भारी सिलिंडर बसवला की तो लवकर जाम होतो, एवढाच फरक.

दुसरा खर्च पाइप. टूमी टी५ आणि एफएमएफ फॅटी हे दोन बॅन्शीवर वर्षानुवर्षं चालत आलेले, खालपासून मधल्या पट्ट्यात ओढ देणारे पाइप. मूळ सिलिंडरवरही फरक कळतो. त्याबरोबर चांगला एअर फिल्टर, रीड, आणि जेटिंग. सिलिंडर त्यानंतर. क्लचच्या कडक स्प्रिंगा आणि वाळूसाठी पॅडल टायर हे ओघाने आलंच.

जेटिंगवर मात्र थांबावं लागेल. पाइप किंवा फिल्टर बदलला की इंजिन जास्त हवा ओढतं, म्हणून मेन जेट मोठा लागतो. किती मोठा? नेटवर कुणाचा तरी आकडा बघून तसाच घालू नका. दोन-तीन नंबर मोठ्यापासून सुरुवात करा, पूर्ण थ्रॉटलवर पळवा, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा, प्लग काढून बघा, मग एकेक नंबर खाली या. हवा बदलली की जेट बदलतो. आयडाहोतल्या सेंट ॲंथनीच्या वाळूत, दीड हजार मीटर उंचीवर बसवलेला जेट घेऊन कुणी समुद्रसपाटीजवळच्या ग्लॅमिसला डिसेंबरच्या थंड सकाळी उतरला, तर दाट हवेत मिश्रण पातळ होणार. तिथे पिस्टन जातात.

अजून एक उलटं वाटणारं सत्य. बॅन्शीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. ३२:१ म्हणजे एका लिटरला ३१ मिली. ‘जास्त ऑइल घातलं की सुरक्षित’ म्हणून कुणी प्रमाण वाढवतो, पण जेटमधून तेवढंच द्रव जात असल्यामुळे त्यातलं पेट्रोल कमी होतं आणि मिश्रण पातळ होतं. प्रमाण बदललं तर जेटही बघा.

फोर्ज्ड पिस्टन घातले असतील तर ते मूळ ओतीव पिस्टनपेक्षा जास्त प्रसरण पावतात. त्यांना भिंतीशी जास्त फट लागते आणि गाडी गरम व्हायला वेळ द्यावा लागतो. सुरू केली की लगेच पिळायची नाही. रेडिएटर हाताला गरम लागेपर्यंत थांबा.

फोन कुठे उपयोगी पडतो?

बॅन्शीला कंपनीचा टॅकोमीटर नाही. पण तुमच्या फोनचा माइक आहे. साउंड स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकट ॲप घ्या. टू-स्ट्रोकचा प्रत्येक सिलिंडर दर फेऱ्याला एकदा जळतो. ९००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५० फेरे, म्हणून एका सिलिंडरचा सूर १५० हर्ट्झ. बॅन्शीचे दोन सिलिंडर आळीपाळीने जळतात, त्यामुळे ३०० लाही ठळक रेघ दिसते. आरएक्सला ७५०० वर १२५ हर्ट्झ. रेकॉर्डिंग करून नंतर बघा: गिअर टाकल्यावर रेघ कुठे पडते, आणि कुठून गाडी उचलते. ‘पॉवर वर आहे की खाली’ हा वाद तिथे मिटतो. चालवताना फोन हातात नको, खिशात रेकॉर्डिंग चालू ठेवलं तरी आवाज पुरतो.

वेदर ॲपमधलं तापमान आणि ठिकाणाची उंची प्रत्येक वेळी जेटच्या नंबरासोबत नोट्समध्ये लिहून ठेवा. एका हंगामात तुमचा स्वतःचा तक्ता तयार होतो, आणि तो कुठल्याही व्हिडिओपेक्षा तुमच्या गाडीला जवळचा असतो.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच: रस्त्यावरच्या नोंदणीकृत गाडीत कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेर फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आरएक्सवर हे करायचं असेल तर ट्रॅकसाठीची वेगळी गाडी ठेवा.

मावसभावाने शेवटी तिघांपैकी एकही जोडी घेतली नाही. लीक टेस्ट केली तेव्हा डाव्या बाजूचा क्रॅंक सील गेलेला निघाला. सील बदलला, स्वतःचे सिलिंडर ६४.२५ ला बोअर करून घेतले, एक जुना टी५ मिळवला, आणि हे सिलिंडर कोरायचे की नाही ते ग्लॅमिसच्या दोन फेऱ्या झाल्यावर ठरवणार आहे. परवा त्याने ४३ सेकंदांचं एक रेकॉर्डिंग पाठवलं. तिसऱ्यावरून चौथा गिअर टाकल्यावर रेघ खूप खाली पडतेय. मी त्याला मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं लावून बघायला सांगितलंय.